ऐकावं जनाचं, ठेवावं मनात

स्कॅनर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? ऑफिसातलं कागदाची प्रत काढणारं यंत्र, नाहीतर हॉस्पिटलातलं ते मोठं नळकांडं, ज्यात माणसाला झोपवून आत सरकवतात. माझ्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी जो स्कॅनर बसलेला आहे, तो यातला नव्हे. तो एक रेडिओ आहे. तळहाताहून थोडा मोठा, पाठीला चिमटा असलेला. त्यावर गाणी लागत नाहीत, बातम्या लागत नाहीत. त्यावर ऐकू येतात कामावर असलेली माणसं: रस्त्यावरचे पोलीस, त्यांना ठाण्यातून निरोप देणाऱ्या बाया. ती माणसं माझ्याशी बोलत नाहीत, एकमेकांशी बोलतात. मी नुसती ऐकते. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं ऐकते आहे.

“म्हणजे दुसऱ्याचं चोरून ऐकता?” असं तुमच्या ओठांवर आलं असेल. विचारा, जरूर विचारा. मलाही हा प्रश्न आमच्या मंडळातल्या प्रत्येक बाईनं विचारलाय. आज त्याबद्दलच तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत. पण आधी हे खूळ घरात आलं कसं, ते सांगायला हवं.

आम्ही राहतो कॅलिफोर्नियात, फ्रेस्नो गावी. कॅलिफोर्निया म्हटलं की तुम्हाला समुद्र नि सिनेमा आठवेल. आमच्याकडे त्यातलं काही नाही. आमचा सगळा शेतीचा मुलूख. द्राक्षं, बदाम, संत्री. पूर्वेला सिएरा नेवाडाचे उंच डोंगर, पश्चिमेला किनाऱ्याची डोंगररांग, आणि मध्ये काठवटीसारखं लांबलचक सपाट खोरं. या काठवटीच्या तळाशी हिवाळ्यात धुकं साचतं. पाऊस पडून जमीन ओली झालेली असते, मग आकाश निवळतं, वारा पडतो, रात्री जमीन गारठते आणि तिच्या अंगावरचा ओलावा जागच्या जागी धुकं होऊन उभा राहतो. इथे त्याला ‘टूली’ धुकं म्हणतात. टूली म्हणजे पाणथळीत वाढणारा एक लव्हाळा. नाव गोड आहे, पण धुकं फार वाईट. गाडीच्या नाकापुढचा रस्ता दिसत नाही. शाळांच्या बसगाड्या अशा दिवशी दोन-दोन तास उशिरा सोडतात. ३ नोव्हेंबर २००७ रोजी सकाळी आमच्या गावाच्या दक्षिणेला ९९ नंबरच्या हमरस्त्यावर शंभराहून अधिक गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि दोन माणसं गेली. इतक्या गाड्या आदळून दोनच, हेच नवल म्हणायचं.

तर अशा गावी आम्ही आलो, आणि आमच्या यांची नोकरी निघाली ९९ नंबरवरून रोज ये-जा करायची. पहिले दोन हिवाळे मी खिडकीत उभी राहून काढले. मोबाइल तेव्हा नव्हते. सात वाजले, साडेसात झाले, आठ झाले, की माझ्या पोटात गोळा. १९८९ साली ह्यांनी एका घराच्या अंगणातल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून एक पेटी उचलून आणली नि म्हणाले, “हे घे. खिडकीत उभं राहण्यापेक्षा हे ऐकत जा. रस्ता बंद असला तर निदान का बंद आहे ते कळेल.”

तो माझा पहिला स्कॅनर. त्यात प्रत्येक वाहिनीसाठी एक वेगळा स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, विकत आणून बसवावा लागे. आठ वाहिन्या, आठ क्रिस्टल. यंत्राचं काम एवढंच की एकेका वाहिनीला कान लावायचा, कोणी बोलत नसेल तर पुढच्या वाहिनीवर जायचं, कोणी बोलताना सापडलं की तिथे थांबायचं. पुढच्या अंगणात कोण आलंय, मागच्या दारी कोण आलंय, हे आळीपाळीनं पाहणाऱ्या आजेसासूसारखं. हल्लीचे स्कॅनर बटणं दाबून भरता येतात आणि शेकडो वाहिन्या पाहतात. काम तेच.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, साडीच्या मापात सांगते. तुमच्या एफ. एम. रेडिओची स्टेशनं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. पोलिसांचा हा जुना पट्टा त्याच्या खाली, ३० ते ५० मेगाहर्ट्झमध्ये. जाणकार त्याला ‘लो बँड’ म्हणतात. आकडा जितका खाली, लाट तितकी लांब. या पट्ट्यातली लाट दहा मीटरपासून सहा मीटरपर्यंत लांब असते. आमच्या हायवे पोलिसांच्या वाहिन्या ४२ मेगाहर्ट्झच्या आगेमागे आहेत, म्हणजे लाट सुमारे सात मीटर. सहावारीहून लांब, नऊवारीहून आखूड. मोबाइलची लाट हिच्यापुढे हातरुमालाएवढी. लांब लाटेचा गुण असा की ती डोंगराच्या कडेवरून थोडी वळून पलीकडच्या बाजूला उतरते, त्यामुळे थोड्याच मनोऱ्यांत पुष्कळ मुलूख सांभाळता येतो. आमच्या राज्यात डोंगर फार, वस्त्या विरळ. म्हणून दुसऱ्या बऱ्याच खात्यांनी हा पट्टा सोडून दिला तरी कॅलिफोर्नियाच्या हायवे पोलिसांनी तो धरून ठेवलाय.

लांब लाटेला अँटेनाही लांब लागते. स्कॅनरबरोबर जी बोटभर रबरी अँटेना मिळते, ती या पट्ट्यावर जवळजवळ बहिरीच. लाटेच्या पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटरची तार हवी, आणि ती उभी हवी, कारण गाड्यांवरच्या अँटेनाही उभ्याच असतात. ह्यांनी पडद्याच्या दांडीवरून तांब्याची तार सोडून दिली. पाहुण्यांना वाटतं, कपडे वाळत घालायची दोरी तुटलीय.

या पट्ट्याचा दोष म्हणजे त्याला घरातला कचरा फार ऐकू येतो. केरकचरा नव्हे, विजेचा कचरा. मोटारीच्या इंजिनाची ठिणगी, विजेच्या तारांवरची खरखर, स्वस्तातले एल.ई.डी. दिवे, फोनचे चार्जर, सगळे यात कुरकुरतात. आमच्याकडे एकदा महिनाभर नुसती खरखर. मी एकेक बटण बंद करत घर पालथं घातलं. शेवटी चोर सापडला देव्हाऱ्यात. नवी एल.ई.डी.ची माळ! ती काढली, समई लावली, रेडिओ शांत. या कुरकुरीसाठी स्कॅनरला ‘स्क्वेल्च’ नावाचा एक खुंटा असतो. तो थोडा फिरवला की नुसती खरखर कानापर्यंत येत नाही, कोणी बोललं तरच आवाज उघडतो. जास्त फिरवला तर मात्र दूरचा बारीक आवाजही बंद होतो. घरात चार माणसं असली की हा खुंटा प्रत्येकीलाच शिकावा लागतो, नाही का? किती ऐकायचं आणि किती कानाआड करायचं.

ही वायरलेसची व्यवस्था काही एका दिवसात उभी राहिली नाही. १९२८ साली डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी गाड्यांमध्ये रेडिओ बसवले, पण ते नुसतेच ऐकणारे. ठाण्यातून हुकूम यायचा आणि गाडीतल्याला काही सांगायचं तर खाली उतरून टेलिफोन शोधायचा. १९३३ साली न्यू जर्सीतल्या बेयॉन गावच्या पोलिसांना गाडीतून उलट बोलता येऊ लागलं. पण इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर होतीच. ती कमी करणारी एफ. एम. पद्धत एडविन आर्मस्ट्राँग यांनी शोधून काढली होती, आणि डॅनियल नोबल नावाच्या प्राध्यापकांनी १९४० साली कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी तिच्यावर साऱ्या राज्याला पुरेल अशी दोन्हीकडून बोलायची व्यवस्था उभारून दिली. ती याच लो बँडवर. आज माझ्या ओट्यावर जे वाजतं, ते त्याचंच पुढचं पान.

आता प्रत्यक्ष ऐकू काय येतं? सिनेमात दाखवतात तसं काही नाही हो. तासन्‌तास काहीच नाही. मग एक बाई शांतपणे सांगते, अमुक रस्ता, उत्तरेची बाजू, अमुक फाट्याच्या अलीकडे, मधल्या पट्टीत शिडी पडलीय. ‘इलेव्हन ट्वेंटीफाइव्ह’. म्हणजे रस्त्यात अडथळा. आकड्यांची ही भाषा दोन महिन्यांत पाठ होते. ‘इलेव्हन एटीटू’ म्हणजे अपघात, पण नुसतं गाडीचं नुकसान. ‘इलेव्हन एटी’ म्हणजे अपघात, माणसाला मोठी दुखापत. ‘इलेव्हन एटीफाइव्ह’ म्हणजे गाडी ओढून न्यायला ट्रक पाठवा. रस्त्यात गादी पडते, शिडी पडते, एकदा संत्र्यांच्या पेट्या पडल्या होत्या. कोणाचा कुत्रा पळतो. कोणाचं पेट्रोल संपतं. जगात इतकी माणसं दर रात्री कुठे ना कुठे अडकलेली असतात, आणि इतकी माणसं त्यांना सोडवायला बाहेर पडतात, हे मला त्या पेटीनं सांगितलं.

गंमत म्हणजे बऱ्याचदा संभाषणाची एकच बाजू ऐकू येते. ठाण्याची वाहिनी वेगळी, गाड्यांची वेगळी. ठाण्याचा मनोरा उंचावर, त्यामुळे त्या बाईचा आवाज स्वच्छ. गाडीतला पोलीस आसपास असला तर त्याचाही आवाज मिळतो, लांब असला तर नाही. मग शेजारणीचं टेलिफोनवरचं बोलणं ऐकल्यासारखं होतं. “हो... किती जण?... बरं... शुद्धीवर आहे?” मधल्या जागा आपण भरायच्या. आणि हेच फार जपायला हवं, कारण मधल्या जागा आपण आपल्या भीतीनंच भरतो.

धुकं दाट झालं की हायवे पोलीस एक छान गोष्ट करतात. दिवे लावलेली त्यांची गाडी पुढे आणि मागे सगळ्या गाड्यांची रांग, संथ, एका वेगानं. मुंगीची रांग जावी तशी. रात्री त्या बाईनं ‘अमुक ठिकाणाहून गाड्या सोबतीनं सोडतोय’ म्हटलं की मी डाळ फोडणीला टाकायची. हे येईपर्यंत बरोबर शिजायची.

उन्हाळ्यात याच पेटीला वेगळीच हौस येते. तुम्हाला रेडिओ सिलोन आठवतं? बुधवारी रात्री बिनाका गीतमाला लावून बसायचं आणि अमीन सयानींचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा, लांब जायचा. तो आवाज आकाशातल्या विजेनं भारलेल्या थरावर आपटून आपल्या अंगणात उतरायचा. ४० मेगाहर्ट्झच्या लाटा एरवी त्या थराला भोक पाडून निघून जातात. पण मे ते ऑगस्ट या दिवसांत सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर मधूनमधून दाट थिगळं तयार होतात, आणि त्यांवर आपटून हजार-दोन हजार किलोमीटरवरचं बोलणं आमच्या ओट्यावर पडतं. सूर्यावरच्या डागांचं अकरा वर्षांचं चक्र शिगेला पोचलं, जसं ते २०२४ साली पोचलं होतं, की हिवाळ्यातल्या दिवसाही असंच होतं, त्याहून उंच थरावरून आणि त्याहून लांबचं. स्पॅनिशमध्ये कोणी टॅक्सीवाला, लांबच्या कुठल्या खेड्यात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांना हाक मारणारे दोन लांब सूर. दहा मिनिटं घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं आणि मग सगळं पुसून जातं.

असो. आता तो चोरून ऐकण्याचा प्रश्न.

अमेरिकेत पोलिसांचं उघडं, म्हणजे कुलूप न लावलेलं बोलणं घरी बसून ऐकायला सर्वसाधारणपणे कायद्याची आडकाठी नाही. पण तिथल्या १९३४ सालच्या दळणवळणाच्या कायद्यात एक जुनी अट घातलेली आहे. रेडिओवरचा जो निरोप आपल्यासाठी नाही, तो दुसऱ्याला सांगत सुटू नये आणि त्यातून आपला फायदा करून घेऊ नये. ऐकणं वेगळं आणि सांगणं वेगळं. मला ही अट वाचून माझी आजी आठवली. ती म्हणायची, कान देवानं उघडे दिलेत, तोंडाला मात्र झाकण दिलंय.

या अटीचा अर्थ मला दोनदा नीट कळला.

पहिल्यांदा १९९५-९६च्या सुमारास. तेव्हा घरोघरी बाळाच्या खोलीत ठेवायचे छोटे रेडिओ आले होते. बाळ रडलं की आईला दुसऱ्या खोलीत कळावं म्हणून. ते चालायचे ४९ मेगाहर्ट्झवर, याच पट्ट्याच्या टोकाला, आणि त्यांना कुलूप म्हणून काही नसायचं. बिनतारी टेलिफोनही ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झवरच. टेलिफोनवरचं बोलणं ऐकायला १९९४ साली कायद्यानं बंदी घातली. एका रात्री माझा नवा स्कॅनर फिरता फिरता थांबला आणि एक बाई रडताना ऐकू आली. बाळ नव्हे, बाळाची आई. मुसमुसून रडत होती आणि मध्येच बाळाला थोपटत होती. मी लगेच ती वाहिनी वगळायचं बटण दाबलं. तो आवाज पुन्हा आमच्या घरात आला नाही.

पण आवाज बंद केला म्हणून ऐकलेलं थोडंच पुसलं जातं? आमच्या रांगेत नवं बाळ एकाच घरी होतं. दुसऱ्या दिवशी मी मऊ खिचडी आणि वर तुपाची वाटी घेऊन गेले, बाळ झालेल्या घरी नेतात तशी. रडण्याचा विषय काढला नाही. “आमच्याकडे बाळंतिणीला असं देतात” म्हटलं आणि बाळाला तासभर मांडीवर घेऊन बसले, तेवढ्यात ती झोपली. मी कायदा मोडला की पाळला, हे वकिलांनी ठरवावं. मला वाटतं, ऐकलेलं तोंडातून जाऊ नये, हातातून गेलं तर चालेल. (तुमच्याकडे कोणी असा जुना बाळाचा रेडिओ प्रेमानं दिला, तर वापरताना एवढं ध्यानात ठेवा की शेजारच्यालाही तो ऐकू जाऊ शकतो. काम झालं की बंद करावा.)

दुसरी गोष्ट अलीकडची. आमची सूनबाई नर्स आहे. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या गावी हॉस्पिटलात रात्रपाळी करते. सकाळी सातला सुटते, म्हणजे धुकं ऐन भरात असतं तेव्हाच. ९९ नंबरवरून उत्तरेकडे घरी येते. डिसेंबरातली सकाळ होती. मी तिच्यासाठी पोह्यांचा कांदा चिरत होते. पेटीतून त्या बाईचा आवाज आला. ९९, उत्तरेची बाजू, आणि एका गावाचं नाव, जे सूनबाईच्या वाटेवर आहे. इलेव्हन एटी. तीन गाड्या. त्यांतली एक पांढरी सीडान.

सूनबाईची गाडी पांढरी सीडान.

मैत्रिणींनो, हातातली सुरी खाली ठेवली एवढं आठवतं. फोन समोर होता. पण आमच्या घरात एक नियम आहे: धुक्यात गाडी चालवणाऱ्याला फोन करायचा नाही. ती सुखरूप असेल तर माझ्या फोनच्या घंटीनं तिचं लक्ष उडेल, आणि नसेल तर फोन उचलणार कोण? मुलाला उठवावं? तो वरच्या खोलीत नातीला घेऊन झोपला होता. उठवून सांगायचं काय? पांढरी गाडी, एवढंच? कॅलिफोर्नियात पांढऱ्या गाड्या काय थोड्या आहेत?

मी खुर्ची ओढून पेटीपुढे बसले. ठाण्यातल्या बाईचीच तेवढी बाजू ऐकू येत होती. तिच्या आवाजात तसूभर फरक नाही. “अँब्युलन्स निघाली आहे... मागच्या गाड्या थांबवल्या?... चालक पुरुष, बरं... पांढऱ्या गाडीत दोघं.” पुरुष. दोघं. माझी सून एकटी येते.

मी श्वास सोडला. आणि तो सोडताक्षणी मनात आलं, अगं, त्या गाडीत दोघं आहेत. त्यांच्याही घरी कोणीतरी पोहे भिजवून बसलं असेल, आणि त्यांना अजून काही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी त्यांची कोणी नाही, तरी मला त्यांच्या आधी कळलंय. ते ओझं फार विचित्र असतं. कोणाला सांगता येत नाही, टाकता येत नाही. मी देवापुढे समई लावली आणि नाव माहीत नसलेल्या त्या दोघांसाठी हात जोडले. दुसरं काय करणार?

सूनबाई नऊ वाजून गेल्यावर आली. “आई, रस्ता अडला होता, खूप उशीर झाला,” म्हणाली. मी म्हटलं, “हो का? पोहे गरम करते.” तिनं माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, काही बोलली नाही. खाऊन झाल्यावर जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. तिला कळलं होतं. नर्स आहे ती. तीही रात्रभर ऐकते आणि सकाळी घरी आल्यावर काही सांगत नाही. त्या दिवसापासून आम्हा दोघींचं सूत जास्त जुळलं, असं मला वाटतं.

चिरंजीव म्हणतात, “आई, आता सगळे अपघात फोनच्या पडद्यावर दिसतात. ही पेटी काढून टाक.” दिसतात, खरं आहे. लाल ठिपका दिसतो. पण ठिपक्याला आवाज नसतो. संकटात माणसानं कसं बोलावं, हे ठिपका शिकवत नाही. ते मला त्या न पाहिलेल्या बायांनी शिकवलं. त्या कधी ओरडत नाहीत, कधी घाई करत नाहीत. आणि त्यांच्या बोलण्याला एक क्रम असतो: आधी जागा, मग काय झालं, मग किती माणसं, मग काय हवं. नेहमी जागा पहिली. कारण मध्येच आवाज तुटला तरी निदान मदत कुठे पाठवायची ते तरी कळलेलं असतं.

एवढं एक तुम्ही जरूर उचला. तुमच्यावर कधी ११२ किंवा महाराष्ट्रात अँब्युलन्ससाठी १०८ फिरवायची वेळ आली, तर “अहो लवकर या हो” यानं सुरुवात करू नका. आधी जागा सांगा: रस्ता, कोणत्या दिशेची बाजू, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा देऊळ, शाळा, पेट्रोल पंप. मग काय झालं, किती जण, शुद्धीवर आहेत की नाही. आणि पलीकडचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. घरातल्या मुलांकडून आपला पत्ता एका दमात म्हणून घ्या, पाढ्यासारखा.

आता या पेटीचे दिवस किती, हे सांगता येत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या न्यायखात्यानं पोलिसांना बजावलं की लोकांची नावं, लायसन्सचे तपशील असं खासगी काही उघड्या रेडिओवर बोलू नका. एकतर बोलण्याला कुलूप लावा, नाहीतर तपशील सांगायची दुसरी वाट काढा. कितीतरी गावांनी सरळ कुलूप लावलं. पालो आल्टो गावानं २०२१ साली लावलं आणि लोकांनी तक्रारी केल्यावर २०२२ साली पुन्हा उघडलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. माझं नाव, माझा पत्ता साऱ्या गावानं ऐकावा असं मला वाटणार नाही. पण पोलीस कसे बोलतात, कसे वागतात, हे गावाला ऐकू यावं असंही वाटतं. दार लोटलेलं असावं, कडी नसावी, असं काहीतरी. हायवे पोलिसांचा हा जुना पट्टा अजून उघडा आहे. आहे तोवर मी ऐकणार.

हे वाचून कोणाला हौस वाटली तर एक सांगून ठेवते. भारतात असं यंत्र परवान्याशिवाय आणून बाळगता येत नाही, आणि पोलिसांचं बोलणं ऐकणं हा तिथे गुन्हा ठरतो. इकडून येताना कोणी भेट म्हणून आणतो म्हटलं तर सरळ नको म्हणा. रेडिओची खरीच आवड असेल तर हौशी रेडिओची, ज्याला हॅम म्हणतात, त्याची सरकारी परीक्षा द्या. परवाना घेऊन ऐकता येतं आणि बोलताही येतं. गृहिणींनी तर जरूर द्यावी. आपल्यासारखं ऐकायला कोणाला जमणार आहे?

यंत्र हवंच असं मात्र नाही. बाईच्या कानावर दिवसभरात काय काय येतं! जिन्यातलं, नळावरचं, भिंतीपलीकडचं, मुलांच्या दाराआडचं. ते कानावर येणं आपल्या हातात नसतं. त्यातलं खरखर कोणती आणि हाक कोणती, हे ओळखणं आपल्या हातात असतं. खरखर असेल तर खुंटा थोडा फिरवावा. हाक असेल तर खिचडी घेऊन जावं. आणि दोन्ही वेळा, शेजारणीला सांगायला मात्र जाऊ नये.